मनाचे आजार आणि मानसोपचार : नाशिकमध्ये मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. खाली दिलेले प्रश्न लोकांचेच आहेत. काही खुर्चीत बसल्या बसल्या विचारलेले, पण बरेचसे निघताना, दारात चप्पल घालता घालता. खरा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच येतो. जी उदाहरणं दिली आहेत ती तीन-चार जणांच्या हकिगती मिसळून केलेली आहेत, त्यामुळे त्यात ओळखीचं कुणी शोधू नका.

तुमच्याकडे आलो म्हणजे मी वेडा ठरलो का?

नाही. 'वेड' हे कुठल्याच आजाराचं नाव नाही. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नाशिकमध्ये त्यातलं एकही नाही, तरी 'ह्याला आता ठाण्याला पाठवा' हा टोमणा आपल्याकडे घरोघरी चालतो. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं नोकरी करतात, डबा भरतात, ईएमआय फेडतात. फक्त त्यांना झोप लागत नसते, किंवा बसमध्ये चढताना छातीत धडधडतं, किंवा आई जाऊन दोन वर्षं झाली तरी तिची खोली उघडवत नाही.

आजार आहे की नुसतं टेन्शन, हे ठरवता कसं? रक्ताची तपासणी असते का?

डिप्रेशन दाखवणारी रक्ततपासणी अजून तरी नाही. तरीही मी थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून यायला सांगते. थकवा, उदासी, विसरभोळेपणा हे सगळं थायरॉईड बिघडल्यानेही होतं, आणि महिनोन्‌महिने मन उकरत बसल्यावर ते कळणं बरं नाही.

बाकी सगळं विचारूनच कळतं. त्रास किती दिवसांचा आहे, दिवसातला किती वेळ खातो, कामात, झोपेत, जेवणात, नात्यात किती अडथळा आणतो, आणि परिस्थिती निवळली तरी टिकून राहतो का. डिप्रेशनसाठी किमान दोन आठवडे, बहुतेक रोज, दिवसाचा बराचसा वेळ, अशी अट आहे. समजा, निफाडकडच्या एका बागाईतदाराचा काढणीला आलेला माल गारपिटीत गेला. पुढचे पंधरा दिवस त्याला झोप आली नाही, तो चिडला, रडला. याला मी आजार म्हणणार नाही, कारण हे घडलं नसतं तरच नवल. पण दोन-तीन महिन्यांनी कर्जाची घडी बसली, भावाने हात दिला, छाटणीची वेळ आली, आणि हा माणूस बागेच्या बांधावर जाऊन नुसता उभा राहतो. भाकरीला चव नाही, पहाटे तीनला जाग, 'माझ्यामुळेच घर बुडालं' हे एकच पालुपद. आता मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

फाइलवर 'एफ ४१' असं काहीतरी लिहिलंय. हे काय असतं?

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, आयसीडी. तिच्या दहाव्या आवृत्तीत मनाच्या आजारांना 'एफ' हे अक्षर दिलेलं होतं. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया (भास आणि खोट्या पक्क्या समजुतींचा आजार), एफ ३२ डिप्रेशन, एफ ४१ मध्ये पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके) आणि इतर चिंताविकार, एफ ४२ म्हणजे ओसीडी (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा), ज्याला आपल्या जुन्या मराठीत 'मंत्रचळ' हा नेमका शब्द होता. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात क्रमांक बदलले, पण फाइलींवर अजून पुष्कळ ठिकाणी जुनेच दिसतात. दुसरी यादी अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची, डीएसएम. तिची पहिली आवृत्ती १९५२ ची, पाचवी २०१३ ची आणि त्या पाचवीचा सुधारित मजकूर २०२२ चा.

आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या, म्हणजे २०१७ च्या, कलम ३ मध्ये लिहिलंय की मानसिक आजार आहे की नाही हे अशा मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवायचं. त्याच कलमात पुढे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी आईवडिलांना मुद्दाम वाचून दाखवते : घराच्या, समाजाच्या रीतीभातीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मुलीला परजातीत लग्न करायचंय म्हणून 'हिचं डोकं तपासा' असं सांगत येणाऱ्यांना मी चहा देते आणि परत पाठवते.

दोन डॉक्टरांनी दोन वेगळी नावं सांगितली. कोण चुकलं?

कदाचित कुणीच नाही. या सीमारेषा माणसांनी आखलेल्या आहेत. स्किझोफ्रेनियाच्या निदानाला आयसीडी एक महिन्याची लक्षणं पुरेशी मानते, डीएसएम सहा महिने मागते. म्हणजे तिसऱ्या महिन्यात आलेल्या एकाच रुग्णाला दोन ठिकाणी दोन नावं मिळू शकतात. शिवाय आजारही आपलं सगळं रूप एका दमात दाखवत नाही. बायपोलर, म्हणजे उदासीचे आणि अति उत्साहाच्या तेजीचे झटके येणारा आजार, पुष्कळदा आधी उदासी होऊनच येतो. तेजीचा झटका पहिल्यांदा दिसेपर्यंत कागदावर डिप्रेशनच असतं.

याद्या चुकतातही. समलैंगिकता डीएसएममध्ये आजार म्हणून होती, ती १९७३ मध्ये काढली. आयसीडीमधून ती जायला १९९० उजाडलं. त्या मधल्या काळात किती निरोगी माणसांवर 'उपचार' झाले असतील याचा विचार केला की मला माझ्या पेशाची थोडी लाज वाटते.

मग नावाचा उपयोग काय? सातबाऱ्याचा असतो तेवढा. गट नंबर आणि क्षेत्र कळतं, पण माती काळी की मुरमाड हे उताऱ्यावर लिहिलेलं नसतं. नाव कळलं की कुठला उपचार हाताशी घ्यायचा, गोळी लागेल का, धोका कुठे आहे हे समजतं. त्यानंतर मला त्या माणसाचं वेगळं पान लिहावं लागतं : हे सुरू कशाने झालं, आणि त्याहून महत्त्वाचं, हे टिकून कशाने राहिलंय? थेरपीचं बहुतेक सगळं काम या दुसऱ्या प्रश्नावर चालतं.

आमच्या काकूंच्या अंगात येतं. हा आजार आहे का?

नवरात्रात, देवीपुढे, आरतीच्या वेळी येतं, पाच-दहा मिनिटांनी उतरतं, नंतर काकू प्रसाद वाटून स्वयंपाकाला लागतात, तर नाही. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत अंगात येण्याशी जुळणारं एक निदान आहे, पण त्याला स्पष्ट अट आहे : ते नकोसं असताना, आपोआप, धार्मिक रीतीच्या बाहेर व्हायला हवं आणि त्याचा त्रास व्हायला हवा. एरवी कधीही, बाजारात, कामावर, इच्छा नसताना येऊ लागलं, पडून लागायला लागलं किंवा नंतर काही आठवेनासं झालं, तर दाखवा. आधी फिट येत नाही ना, हे मेंदूच्या डॉक्टरांकडून बघून घ्या.

आधी त्र्यंबकला शांती करून आलो, वणीला नवस बोललो. राग येईल का तुम्हाला?

अजिबात नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी नाव सांगण्याआधी मला त्यांची रास सांगितलेली असते. पूजेने धीर येत असेल तर करा. फक्त पूजेसाठी गोळ्या बंद करू नका, आणि बाधा उतरवतो म्हणून कुणी मारहाण करत असेल, चटके देत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक : कोणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस होऊन मग मनाच्या आजारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. गोळ्या तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून आलेले असतात. ते चाचण्या आणि थेरपी करतात, त्यांची नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा शब्द मात्र आपल्याकडे फार सैल वापरला जातो. त्यात उत्तम शिकलेली माणसं आहेत आणि दोन दिवसांचं शिबिर करून पाटी लावलेलीही आहेत. शिक्षण आणि नोंदणी क्रमांक सरळ विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

भास होत असतील, कुणी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री असेल, अनेक रात्री झोपेची गरजच वाटत नसेल आणि पैसे उधळणं चालू असेल, तर पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांचीच घ्या.

नुसतं बोलून आजार कसा बरा होईल? बोलायला तर आमची मावशीपण आहे.

मावशी असू द्या, ती फार मोलाची. पण थेरपीत बोलणं कमी आणि सराव जास्त असतो. तीन उदाहरणं देते.

पहिलं, ओसीडी. नाशिकच्या सिडकोतल्या एका बाईंना गॅसचा नॉब तपासायची सवय लागली. निघताना एकदा, मग तीनदा, मग सातदा. ऑफिसला उशीर व्हायला लागला तेव्हा त्यांनी नॉबचा फोटो काढून न्यायची युक्ती शोधली. आठवडाभर बरं गेलं. मग शंका आली, फोटो आजचाच की कालचा? फोटोत घड्याळ धरायला लागल्या. इथेच आजाराची सगळी यंत्रणा दिसते. शंका आली की भीती वाढते, तपासलं की क्षणभर सुटका होते, आणि मेंदू शिकतो की 'तपासलं म्हणून वाचलो'. म्हणजे तपासणं हेच शंकेचं खतपाणी. यावरच्या उपचारात शंकेला सामोरं जायचं आणि तपासणी रोखायची. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी लंडनमध्ये १९६६ साली या पद्धतीची पहिली हकिगत मांडली. बाईंनी आणि मी मिळून कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत दहा पायऱ्या लिहिल्या. पहिल्या दिवशी नॉब एकदा बंद करायचा, फोटो नाही, दार ओढायचं आणि जिना उतरायचा. भीतीला शंभरपैकी किती मार्क, ते दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं. द्वारकेच्या सिग्नलला ऐंशी होते, ऑफिसच्या लिफ्टमध्ये चाळीस. तपासलं नाही तरी भीती आपोआप उतरते, हे त्यांच्या मेंदूला मी कितीही सांगून पटलं नसतं. ते त्या लिफ्टमध्येच पटलं. नवऱ्याचंही काम होतं : 'बंद आहे गं' असं दिवसातून वीस वेळा म्हणणं थांबवायचं. त्याला ते बाईंपेक्षा अवघड गेलं.

दुसरं, पॅनिक. तीनदा ईसीजी काढून झाला, हृदयाच्या डॉक्टरांनी निर्धास्त राहा म्हणून सांगितलं, तरी उड्डाणपुलावर गाडी चढली की 'आता जातोच'. इथे धडधडीपेक्षा धडधडीचा लावलेला अर्थ घात करतो. धडधड, म्हणजे हार्ट अटॅक, म्हणून भीती, म्हणून आणखी धडधड. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. मी काय करते? हृदय ठीक असल्याचा कागद पाहून झाल्यावर खोलीतच त्यांना मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावते, जिना चढायला लावते. तीच धडधड, तीच चक्कर, पण मुद्दाम आणलेली. चौथ्या वेळी बहुतेकांना हसू येतं.

तिसरं, विचारांवरचं काम. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात पाहिलं की उदास माणसाच्या मनात झर्रकन येऊन जाणारे काही विचार असतात आणि तो ते न तपासता खरे मानतो. त्याआधी, १९५५ च्या सुमारास, मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी माणसांत ती रुजवली कि. मो. फडके यांनी. एलिस यांचा सगळा रोख ज्या हट्टावर होता, तो मराठीत एका अक्षरात मावतो : 'च'. मला यश मिळावं, ही इच्छा. मला यश मिळालंच पाहिजे, हा हट्ट. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी त्यांचीच वाक्यं लिहायला लावते आणि लाल पेनने 'च' ला गोल करायला सांगते. एका मुलाने आईचीही वाक्यं लिहून आणली होती. त्या पानावर लाल जास्त होतं.

गोळ्या घ्याव्या की थेरपी? गोळ्यांची सवय लागते ना?

सौम्य ते मध्यम डिप्रेशन, पॅनिक, भयगंड, ओसीडी यांत थेरपीने चांगला गुण येतो. आजार तीव्र असेल तर दोन्ही लागतं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये औषध हाच पाया असतो. तिथे 'फक्त थेरपीने बरं करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो माझ्या पेशाचा असला तरी.

सवयीचं म्हणाल तर, झोपेच्या आणि चटकन शांत करणाऱ्या काही गोळ्यांची लागते, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच देतात. मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्या व्यसन लावत नाहीत, पण गुण यायला दोन ते चार आठवडे घेतात आणि एकदम तोडल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी कराव्या लागतात. आमच्याकडे घोटाळा नेमका याच्या उलट होतो : दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद, किंवा दोन महिन्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद.

किती वेळा यावं लागेल? पैसे किती जातील?

आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास. विचार आणि वर्तनावरची थेरपी साधारण बारा ते वीस भेटींची असते, पण साध्या भयगंडाला पाच-सहाही पुरतात. लहानपणापासूनच्या जखमा असतील तर वेळ जास्त जातो. पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत काहीच हललं नाही तर थेरपिस्टला तसं स्पष्ट सांगा. पटत नसेल तर बदला. थेरपिस्टशी सूर जुळणं हा उपचाराचाच भाग आहे.

खासगीत खर्च होतो, ते लपवण्यात अर्थ नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. गर्दी असते, डॉक्टरांना एका रुग्णामागे वेळ थोडा मिळतो, तरी निदान आणि औषधांसाठी ती जागा चांगली आहे. फोनवर बोलायचं तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते आणि मराठीत बोलता येतं.

विमा मिळतो का?

२०१७ च्या कायद्यातल्या कलम २१ नुसार शरीराच्या आजारांसारखाच मनाच्या आजारांनाही विमा द्यायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी दाखल झालात तरच पैसे देतात आणि थेरपी बाह्यरुग्णात मोडते. पॉलिसीचं बारीक छापलेलं वाचा.

इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून आलो तर थेरपीची गरज राहणार नाही ना?

विपश्यनेचं केंद्र, धम्मगिरी, आपल्या जिल्ह्यातच असल्यामुळे हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. विपश्यना ही साधना आहे, आजारावरचा उपचार नव्हे, आणि केंद्राची मंडळीही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना आधीच सावध करतात. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, तासन्‌तास फक्त स्वतःसोबत. ठीकठाक मनाला ते मानवेल. पण तीव्र डिप्रेशनमध्ये, भास होत असताना, किंवा जुना आघात ताजा असताना एकटं मनाच्या तळाशी उतरणं जड जाऊ शकतं. अर्जात आजार आणि औषधं लपवू नका. आधी बरे व्हा, मग जा. माझ्याकडचे काही जण उपचार संपवून गेले आणि खूश होऊन आले.

आमच्या पेठ-सुरगाण्याकडे तज्ज्ञ कुठून आणायचा?

तिथे तज्ज्ञ पोचायची वाट बघत बसण्यात हशील नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' नावाचा प्रयोग २०१३ ते २०१५ मध्ये केला तो आपल्याच पेठ तालुक्यात. गावातल्याच, लोकांचा भरवसा असलेल्या माणसांना शिकवलं : नीट ऐकून कसं घ्यायचं, अडचणीचे तुकडे कसे करायचे, अंथरूण धरलेल्या माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांना कसं लावायचं, आणि कुणाला शहरात पाठवायचं. नंतर तो गुजरातमध्ये मेहसाण्यात गेला. गोव्यात 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत असाच उपचार केला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि डिप्रेशनवर तो लागू पडल्याचं दिसलं. त्यामुळे आशाताई किंवा शाळेतले गुरुजी 'आमचं काय शिक्षण?' म्हणतात तेव्हा मी त्यांना पेठचं नाव सांगते.

मी सांगितलेलं माझ्या सासरी कळेल का?

माझ्याकडून नाही. २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २३ ने गुप्ततेचा हक्क दिलाय. अपवाद थोडे आहेत आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगते : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, कोर्टाने मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्यानुसार कळवणं मला बंधनकारक आहे. नाशिक शहर वाढलं तरी स्वभावाने गावच आहे. म्हणून मी दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवते, वेटिंगमध्ये नातलग समोरासमोर येऊ नयेत म्हणून. दोनदा आलेच.

घरातलं कुणी 'आता जगून काय करू' म्हणत असेल तर?

सरळ विचारा : 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. हो म्हणाला तर वाद घालू नका, पोराबाळांची शपथ घालू नका, एकटं सोडू नका. त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. तातडी असेल तर ११२.

द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना एक खास विनंती. फवारणीची औषधं घरात, पलंगाखाली, पडवीत ठेवू नका. कुलपात ठेवा आणि वाईट दिवसांत किल्ली दुसऱ्याकडे द्या, किंवा साठा शेजारच्या वस्तीवर हलवा. ती लाट पुष्कळदा काही तासांची असते. त्या तासांत हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. पोलीस केसची भीती बाळगू नका : २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली मानतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही.

आमचे हे यायलाच तयार नाहीत. काय करू?

तुम्ही या. घरातला एक जण बदलून वागायला लागला की दुसऱ्याला हलावं लागतं. 'तुम्हाला मानसोपचाराची गरज आहे' असं सुनावण्याऐवजी त्यांना स्वतःला खुपणारी गोष्ट धरा. झोप, पित्त, डोकेदुखी, जे असेल ते. 'झोपेसाठी एकदा दाखवू' याला नाही म्हणणारे कमी.

थेरपी थांबवायची कधी?

शेवटच्या भेटी मी लांबवत नेते, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. एक कागद त्यांच्याकडूनच लिहून घेते : माझा आजार परत येताना आधी काय होतं? कुणाची पहाटेची झोप उडते, कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणी पुन्हा नॉबकडे वळून बघतं. त्याखाली, असं आठवडाभर झालं तर मी काय करेन आणि कुणाला सांगेन. सिडकोतल्या बाईंनी तो कागद गॅसच्या वरच्या कपाटाला आतून चिकटवलाय. त्याचा मात्र त्यांनी एकही फोटो काढलेला नाही, असं त्यांनी मला आवर्जून सांगितलं.